वेबवरून आलेल्या एक्सएमएलमधला मराठी मजकूर बिघडतो

प्रश्न:
मंडळी, पायथॉनमध्ये रिक्वेस्ट्स (वेबवरून माहिती मागवणारी लायब्ररी) वापरून एका सेवेकडून पुस्तकांची यादी एक्सएमएलमध्ये, म्हणजे टॅग लावलेल्या मजकुरात, मागवतोय. रिस्पॉन्स.टेक्स्ट घेऊन एलिमेंटट्रीच्या (पायथॉनमधला एक्सएमएल वाचणारा पार्सर) फ्रॉमस्ट्रिंगला देतो. एरर काहीच नाही. किमती, तारखा, इंग्रजी शीर्षकं नीट येतात, पण मराठी शीर्षकांच्या जागी भलतीच रोमन अक्षरं. फाइलच्या पहिल्या ओळीत एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत, यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहिलंय, ब्राउझरमध्येही सगळं व्यवस्थित दिसतं. रिप्लेस लावून एकेक अक्षर सुधारावं का?

उत्तर १:
रिप्लेस अजिबात नको! मजकूर सर्व्हरकडून बरोबर येतोय, बिघडतो तो .टेक्स्ट मागितल्यावर. उत्तरासोबत सर्व्हर मजकुराचा प्रकार सांगतो ते कंटेंट-टाइप हेडर छापून बघा. तिथे नुसतं टेक्स्ट/एक्सएमएल असणार, कॅरसेट, म्हणजे एन्कोडिंगचं नाव, नसणार. अशा वेळी रिक्वेस्ट्स आयएसओ-८८५९-१ हे दर बाइटाला एक अक्षर मानणारं एन्कोडिंग धरून चालते. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं. इथे दर बाइटाचं वेगळं अक्षर होतं, म्हणजे एका ‘म’ची ३ अक्षरं. साधी रोमन अक्षरं आणि इंग्रजी अंक दोन्ही पद्धतींत सारखेच, म्हणून तेवढे वाचतात.

फ्रॉमस्ट्रिंगला रिस्पॉन्स.कंटेंट द्या, म्हणजे कच्चे बाइट. पार्सर पहिली ओळ स्वतः वाचून एन्कोडिंग ठरवतो. ती ओळ असते त्याचसाठी. रिस्पॉन्स.एन्कोडिंगला हाताने यूटीएफ-८ द्या, असंही कुणी सुचवेल. आज चालेल, पण उद्या सर्व्हरने यूटीएफ-१६ पाठवलं की पुन्हा तेच रडगाणं. आणि पार्स करण्याआधी रेझ_फॉर_स्टेटस बोलवा (सर्व्हरने एरर कळवली असेल तर ते तिथेच थांबवतं), नाहीतर सर्व्हरचं एररचं पान पार्सरच्या गळ्यात पडतं.

उत्तर २:
सी-शार्पमध्येही हेच. बाइटांची आधी स्ट्रिंग केली आणि सुरुवातीचा बीओएम (एन्कोडिंग सांगणारी अदृश्य खूण) तसाच राहिला, तर स्ट्रिंगमधून एक्सएमएल वाचणारं लोडएक्सएमएल पहिल्या ओळीच्या पहिल्याच अक्षराला अडतं. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही, त्यामुळे शोधण्यात फार वेळ जातो. स्ट्रिंग न करता बाइटांचा स्ट्रीम थेट लोडला द्यावा.

प्रश्नकर्ता:
.कंटेंट दिलं, शीर्षकं आली! मनापासून आभार. आता त्याच कोडने दुसरी एक यादी वाचतोय, तर टॅग शोधणारं फाइंड नन, म्हणजे ‘काहीच सापडलं नाही’, देतं. टॅग समोर दिसतोय, स्पेलिंगही तेच.

उत्तर १:
मुळाच्या, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या, टॅगवर एक्सएमएलएनएस असेल. टॅग कुठल्या नेमस्पेसचे, म्हणजे नावांच्या कुठल्या गटातले, ते त्यात लिहिलेलं असतं. मग नेमस्पेसचा पूर्ण पत्ता महिरपी कंसात धरून टॅगचं नाव बनतं, नुसत्या नावाने सापडत नाही. पायथॉन ३.८ किंवा पुढचं असेल तर नावाआधी महिरपी कंसात तारांकन लिहा, कुठलीही नेमस्पेस चालते. कायमच्या कोडमध्ये मात्र नेमस्पेसची डिक्शनरी (छोटं नाव आणि पूर्ण पत्ता यांच्या जोड्या) करून फाइंडला द्या. एकाच फाइलमध्ये २ नेमस्पेसमध्ये एकाच नावाचे टॅग असू शकतात, आणि तारांकन त्यांत फरक करत नाही.