ऑक्टोबरची व्हरमाँट सहल: बस खिंडीतून जाणार नाही

प्रेषक: सुहास (सहल समिती)

सर्वांस सप्रेम नमस्कार.

बसवाल्यांनी काल संध्याकाळी कळवले की, आपण ठरवलेली ५६ आसनी बस स्टोहून जेफरसनव्हिलला जाणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रस्त्याने नेता येणार नाही. स्मगलर्स नॉचच्या खिंडीत ४० फुटांहून लांब बसगाड्यांना कायद्याने मनाई आहे आणि आपली बस ४५ फुटांची आहे. रविवारी सकाळी खिंड आणि साडेबाराला शेतावर जेवण असे पत्रक सर्वांना गेलेले असल्यामुळे निर्णय लगेच घ्यावा लागेल. एक तर मॉरिसव्हिलवरून वळसा घालायचा, म्हणजे दहाएक मैल जास्त, किंवा मोठी बस रद्द करून दोन लहान बस घ्यायच्या, म्हणजे वर्गणी वाढवायची. कृपया बुधवारपर्यंत मते कळवावीत.

---

प्रेषक: माधुरी

सुहास, वळसाच घालायचा असेल तर त्या भागात जाण्याचे प्रयोजनच उरत नाही. मुलांच्या शनिवारच्या वर्गात मी दोन आठवडे या खिंडीचा इतिहास शिकवते आहे. १८०७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेफरसन यांनी परदेशांशी व्यापार बंद केला, पण उत्तर व्हरमाँटचा सगळा बाजार माँट्रियलला होता, तेव्हा इथल्या शेतकऱ्यांनी याच खिंडीतून गुरे हाकत कॅनडात नेली. पुढे दारूबंदीच्या काळात दारू याच वाटेने उलटी आली. जे राज्य १७७७ ते १७९१ अशी चौदा वर्षे स्वतंत्र होते आणि ज्याने सर्वांत आधी गुलामगिरी बंद केली, त्याचा स्वभाव या वाटेवर समजतो. माझे मत लहान बसना आहे. वर्गणीतील फरक ज्यांना जड जाईल त्यांचा भार आपण वाटून घेऊ; ब्रॅटलबरोच्या सहलीच्या वेळी तसे केले होते.

---

प्रेषक: अनिरुद्ध

माधुरीताई, गुलामगिरीबद्दलचे वाक्य मुलांना शिकवताना थोडे दुरुस्त करावे अशी विनंती आहे. विंडसरला जुलै १७७७ मध्ये स्वीकारलेल्या राज्यघटनेने मनाई केली ती प्रौढांपुरती होती: पुरुष २१ वर्षांचे आणि स्त्रिया १८ वर्षांच्या झाल्यावर. त्या वयाखालच्या मुलांना त्या कलमाचे संरक्षण नव्हते, आणि ती पळवाट घटनेतून पूर्णपणे काढायला नोव्हेंबर २०२२ चे मतदान उजाडावे लागले. त्या काळी हे पाऊल मोठे होते यात शंका नाही, परंतु आपली मुले याच देशात वाढत आहेत आणि त्यांना अपवादासकट इतिहास कळला पाहिजे.

---

प्रेषक: वसंतकाका (माँटपीलियर)

सुहास, माधुरी आणि सर्व मंडळी,

या राज्यात मी एकतीस हिवाळे काढले आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. नकाशावर स्टो आणि जेफरसनव्हिल शेजारी दिसतात, पण मध्ये ४,३९३ फुटांचा मॅन्सफील्ड उभा आहे. ग्रीन माउंटनची रांग राज्याच्या मधोमध दक्षिणोत्तर गेली आहे, त्यामुळे रस्ते नदीच्या खोऱ्यांनी जातात आणि डोंगर ओलांडायचा तर खिंड गाठावी लागते. ज्यांचे बालपण वाई-महाबळेश्वराकडे गेले, त्यांना घाट चुकवला की किती वळसा पडतो हे वेगळे सांगायला नको.

खिंडीच्या माथ्यावर रस्ता जेमतेम एका गाडीपुरता आहे आणि मधली रेघ नाही. खोलीएवढे दगड थेट डांबराच्या कडेला पडलेले आहेत, रस्ता त्यांना वळसे घेत जातो, आणि समोरून कोण येते ते दगड ओलांडल्याशिवाय दिसत नाही. एकदा एका वळणावर अडकलेल्या ट्रेलरमागे मी तीन तास थांबलो होतो. आपल्याबरोबर सत्तरीच्या पुढची माणसे आहेत, म्हणून लहान बस असली तरी माझे मत वळशालाच आहे.

तो वळसा वाया जाणारा नाही. मॉरिसव्हिलपासून १५ क्रमांकाचा रस्ता लमोइल नदीच्या सोबतीने हाइड पार्क आणि जॉन्सन गावांमधून जातो. माणसे खोऱ्यात राहतात, म्हणून पूरही त्यांच्याच घरात येतो. १९२७ च्या नोव्हेंबरातील पुरात राज्यात ८४ माणसे गेली आणि १,२८५ पूल वाहून गेले. २०२३ च्या जुलैमध्ये आमचे माँटपीलियर बुडाले, तसेच जॉन्सनही बुडाले. आमच्या गल्लीत तळघरांतला चिखल बादल्यांनी उपसताना कोणी कोणाला बोलावणे धाडले नव्हते. सकाळी फावडी घेऊन माणसे दारात उभी होती, त्यांतल्या निम्म्यांची नावे मला आजही ठाऊक नाहीत. माधुरी म्हणते तो स्वभाव मला तिथे दिसला. तसाच तो मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभेत दिसतो, जिथे वाळू टाकणारा ट्रक नवा घ्यावा की जुनाच दुरुस्त करावा यावर तासभर चर्चा होते आणि मग हात वर करून मतदान होते.

मुलांना आणखी एक गोष्ट दाखवावी. रस्त्यालगतच्या दाट जंगलात गुडघ्याएवढ्या दगडी भिंती सरळ चढावर जाताना दिसतील. त्या मेंढ्यांच्या कुरणांच्या हद्दी आहेत. १८४० च्या सुमारास या राज्यात तीन लाखांहून कमी माणसे आणि सुमारे १७ लाख मेंढ्या होत्या, आणि डोंगर जवळजवळ बोडके झाले होते. लोकरीचा भाव पडला, पश्चिमेकडची सुपीक जमीन खुली झाली, शेतकरी निघून गेले, आणि कुरणांवर पुन्हा झाडे आली. आज राज्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. आपण जी लाल-पिवळी पाने पाहायला येणार आहात, त्यांतली पुष्कळशी त्या सोडलेल्या कुरणांवरची आहेत.

---

प्रेषक: स्मिता

वसंतकाका, शेतावर मुलांना मेपलचे सिरप तयार होताना दिसेल ना? पत्रकात तसे लिहिले आहे आणि माझी धाकटी त्याच आशेवर आहे.

---

प्रेषक: वसंतकाका (माँटपीलियर)

स्मिता, ते ऑक्टोबरात दिसणार नाही. रात्री पाणी गोठावे आणि दिवसा वितळावे, असे हवामान लागते, तेव्हाच झाडातून रस उतरतो. तो काळ मार्च-एप्रिलचा. चाळीस गॅलन रस आटवला की एक गॅलन सिरप मिळते. मी कोल्हापूरचा, त्यामुळे पहिल्यांदा त्या लाकडी खोपटात शिरलो तेव्हा वाफेने चष्मा पांढरा झाला आणि नाकाला थेट गुऱ्हाळाची काकवी आठवली. मात्र मार्चमध्ये मोठी बस आणण्याचा विचारही करू नका. इथले निम्म्याहून अधिक रस्ते कच्चे आहेत आणि बर्फ वितळताना चाक आसापर्यंत रुतते. धाकटीला घेऊन तुम्ही आमच्याकडे मुक्कामाला या. मी तिला घेऊन जाईन.

---

प्रेषक: माधुरी

काका, ज्येष्ठांचा विचार माझ्याकडून राहून गेला. वळसा मान्य आहे. एकच मागणी आहे की, ज्या चार कुटुंबांच्या स्वतःच्या गाड्या येणार आहेत, त्यांनी वर्गातील मुलांना घेऊन खिंडीतून यावे आणि माथ्यावरच्या वाहनतळावर वीस मिनिटे थांबावे. अनिरुद्ध, तुमची दुरुस्ती येत्या शनिवारी वर्गात सांगते.

---

प्रेषक: सुहास (सहल समिती)

मोठी बस कायम ठेवली आहे. ती मॉरिसव्हिलमार्गे जाईल आणि जॉन्सनला अर्धा तास थांबेल. गाड्या खिंडीतून येतील, परंतु त्याआधी बर्फ पडला तर खिंड वसंतापर्यंत बंद होते, तेव्हा गाड्याही बसमागूनच येतील. जेवणाची वेळ एक वाजताची केली आहे आणि शेताच्या मालकीणबाईंना तसे कळवले आहे. सिरपचे वाक्य पत्रकातून काढले आहे. गाडी नेणाऱ्यांनी किती मुलांना जागा आहे ते मला शुक्रवारपर्यंत कळवावे.