'सूचित केले'ला पर्याय हवेत

प्रश्न
थेट न बोलता अर्थ पोचवला, हे सांगायला दर वेळी 'सूचित केले' येतं. 'सुचवले', 'ध्वनित', 'सूतोवाच', 'इशारा' यांतलं कुठे काय चालेल? 'अध्याहृत'ही चालेल का?

शब्दपारखी
आधी कर्ता बघा. सूचित माणूस करतो, ध्वनित अर्थ होतो. बोलणाऱ्याचा हेतू नक्की माहीत नसेल तर 'त्यांच्या बोलण्यातून नाराजी ध्वनित होत होती' असं लिहावं, म्हणजे हेतू त्यांच्या माथी मारला जात नाही.

'सुचवणे' फसवं आहे. 'राजीनामा द्यावा असं सुचवलं' म्हणजे उघड सांगितलं. 'आडून सुचवलं' म्हटलं की मग ती सूचना झाकलेली.

मुद्रितशोधक
सूतोवाच म्हणजे पुढे येणाऱ्या गोष्टीचा पहिला उच्चार. पुराणांतल्या 'सूत उवाच'वरून (कथा सांगणारा सूत म्हणाला) आलाय, म्हणून 'सू' दीर्घ. करवाढीचं सूतोवाच होतं; झालेल्या चुकीचं होत नाही, तिच्याकडे अंगुलिनिर्देश होतो.

इशारा हिंदीच्या वळणाने वापरू नका. मराठीत 'इशारा दिला' म्हणजे तंबी दिली. खूण असेल तर 'इशारा केला'. तंबी झाकलेली असेल तर 'गर्भित इशारा'.

व्यंजना
काव्यशास्त्रात शब्दांपलीकडचा अर्थ सुचवण्याच्या या शक्तीला व्यंजना म्हणतात. मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराच्या 'काव्यप्रकाश' ग्रंथातलं उदाहरण: 'सूर्य मावळला'. वाक्य एकच, पण गुराख्याला कळतं गुरं वळवा, विक्रेत्याला माल आवरा, मजुराला काम थांबवा. यातला एकही अर्थ शब्दांत नाही, तो प्रसंगातून निघतो. म्हणून वाक्य उद्धृत करताना प्रसंग कापला की सूचितार्थही गेला. (हा अर्थ 'व्यंग्य', य सकट. 'व्यंग' म्हणजे दोष.)

आडवळण
बोचरं असेल तर टोमणा, हलकं असेल तर कोपरखळी. एकाला बोलून दुसऱ्याला लागलं तर 'लेकी बोले सुने लागे', साहित्यात त्याच्या जवळची अन्योक्ती, म्हणजे एकाचं वर्णन करून दुसऱ्याला उद्देशून बोलणं. 'मोघम' मात्र यात घालू नका: मोघम बोलणाऱ्याला काहीच ठरवून सांगायचं नसतं, सूचक बोलणाऱ्याला नेमकं सांगायचं असतं.

मुद्रितशोधक
'अध्याहृत' राहिलाच. तो व्याकरणाचा: वाक्यात न उच्चारता गृहीत धरलेला शब्द. 'उद्या ये' मध्ये 'तू' अध्याहृत, तिथे सूचकपणा काही नाही.