मदत हवी आहे : जर्मनीतील मोबाईल शूटिंग गेम्सचे उत्पन्न कसे मोजावे?

नमस्कार. व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी जर्मनीतील मोबाईल शूटिंग गेम्सच्या बाजारावर प्रकल्प लिहीत असून उत्पन्नाच्या मोजणीपाशी अडलो आहे. पबजी मोबाईल (२०१८) आणि कॉल ऑफ ड्यूटी मोबाईल (२०१९) हे दोन्ही खेळ फुकट उतरवता येतात. पैसा येतो तो पोशाख, शस्त्रांची सजावट आणि हंगामी पास यांतून, त्यामुळे केवळ डाउनलोडवरून क्रम लावणे मला फसवे वाटते. त्यात ऑगस्ट २०२४ पासून युरोपीय संघात फोर्टनाइट हा शूटिंग गेम आयफोनवर त्याची निर्माती कंपनी एपिक हिच्या स्वतःच्या स्टोअरमधून मिळू लागला, म्हणजे ॲपलच्या क्रमवारीबाहेरचा खर्च कसा धरायचा हा नवाच घोळ. जर्मनीतील ‘गेम’ ही गेम-उद्योगाची संघटना दरवर्षी एकूण बाजाराचे आकडे देते, परंतु मला या एकाच प्रकारापुरते हवे आहेत.

जर्मनीत किंवा या व्यवसायात काम करणाऱ्यांनी कृपया सांगावे : विद्यार्थ्याच्या खिशाला परवडेल असा देशनिहाय उत्पन्नाचा अंदाज कोठे मिळेल? तसेच, यूएसके या खेळांना वयोगट ठरवून देणाऱ्या जर्मन संस्थेच्या १६ किंवा १८ वर्षांच्या वयोमर्यादेचा विक्रीवरील परिणाम तपासायचा झाल्यास तुलनेसाठी कोणते खेळ घ्यावेत?