मदत हवी आहे: जपानमधून वडिलांसाठी ‘हेल्थ ड्रिंक’ आणावीत का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. सध्या तोक्योत आहे, महिनाअखेरीस साताऱ्याला जाणार. बाबा ६४ वर्षांचे. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.९, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ, दिवसातून दोनदा आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ. इथल्या कोनबिनीत (कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात) साखर रोखणारा चहा, चरबी कमी करणारा चहा, बीपीसाठी टोमॅटोचा रस, झोपेसाठी याकुल्ट (जिवाणूंनी आंबवलेलं दुधाचं पेय) असं काय काय दिसतं. यातलं बाबांना उपयोगी काही आहे का? बाटलीवरचा दावा सरकारने तपासलेला असतो की नुसती जाहिरात? जपानी जेमतेम वाचता येतं. जाणकारांनी सांगावं.

चहाटळ
दोन्ही असतं, म्हणून आधी बाटली कुठल्या गटातली ते बघा.

पहिला गट ‘तोकुहो’, १९९१ पासूनचा. यात साधारणपणे त्या विशिष्ट उत्पादनाची माणसांवरची चाचणी सरकारकडे जाते, छाननी होते आणि मगच परवानगी मिळते. खूण सोपी आहे: दोन्ही हात वर केलेल्या माणसाचं चिन्ह. सनतोरीचा काळा उलाँग चहा यातलाच.

दुसरा गट ‘किनोसेई ह्योजी शोकुहिन’, एप्रिल २०१५ पासून. इथे कंपनी स्वतःच पुरावा गोळा करते आणि विक्रीच्या किमान ६० दिवस आधी जपान सरकारच्या ग्राहक व्यवहार संस्थेला कळवते. परवानगी वगैरे काही नसते. सरकारने स्वतंत्र तपासणी केलेली नाही हे लेबलवर छापावंच लागतं, पण छापतात मागच्या बाजूला. पुढे मोठ्या अक्षरांत रक्तदाब आणि झोप! दावा ‘होकोकु सारेते इमासु’ने (‘असं नोंदवलं गेलं आहे’) संपत असेल, तर पुरावा बहुतेक त्या घटकाबद्दलच्या जुन्या अभ्यासांचा असतो, हातातल्या बाटलीवर चाचणी झालेलीच असेल असं नाही. बाटलीवर एक इंग्रजी अक्षर आणि पुढे आकडे असा नोंदणी क्रमांक असतो. तो संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की कंपनीने दिलेला सगळा पुरावा मोफत वाचता येतो. फोनवरचं भाषांतर पुरतं.

यापैकी काहीच नसेल तर ते साधं शीतपेय. ओरोनामिन सी १९६५ पासून तब्येतीच्या नावावर खपतंय, पण १२० मिलीच्या बाटलीत १९ ग्रॅम कर्बोदकं आहेत. बाबांसाठी त्याच्याकडे बघूही नका.

गोळीबार
फार्मसीच्या बाजूने लिहितो. या दोन्ही गटांतले दावे ‘साखर थोडी वरच्या बाजूला असलेल्या’ किंवा ‘रक्तदाब थोडा जास्त असलेल्या’ माणसांसाठी आहेत, म्हणजे अजून औषध सुरू न झालेल्यांसाठी. दुसऱ्या गटात तर आजारी माणूस हा ग्राहकच धरलेला नाही. बाबांना मधुमेह आहे आणि गोळी चालू आहे, त्यामुळे छापलेला फायदा त्यांना तसाच लागू होईल असं धरू नका. गोळी कमी करायचा विचार तर अजिबात नको.

आता घटकांकडे येऊ. साखर रोखणाऱ्या चहात बहुधा ‘नानशोकासेई देकिसुतोरिन’ असतं. हे पाण्यात विरघळणारे तंतू (फायबर), एका वेळी ५ ग्रॅम. त्याने आतड्यात साखरेचं शोषण संथ होतं, म्हणून ते जेवणासोबतच घ्यायचं. सकाळी उपाशीपोटी प्यायलं तर काम शून्य, कारण संथ करायला पोटात भातच नाही. जास्त झालं तर पोट ढिलं होतं आणि गॅस धरतो. मेटफॉर्मिननेही अनेकांना तोच त्रास होतो, तेव्हा बाबांना आधी अर्ध्या मात्रेवर ठेवा. ग्लिमेपिराइड (मधुमेहाची दुसरी गोळी) किंवा इन्सुलिन असतं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच म्हटलं असतं. साखरेचं शोषण मागे पडतं, औषध मात्र आपल्या वेळेला काम करतं आणि साखर खाली जाऊ शकते.

टोमॅटोचा रस मी तरी टाळेन. २०० मिलीत साधारण ५०० मिग्रॅ पोटॅशियम जातं आणि टेल्मिसार्टन शरीरातलं पोटॅशियम वाढवतं. मूत्रपिंडं ठणठणीत असतील तर एखादा ग्लास चालेल, पण क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्तचाचणी) न बघता रोजची बाटली नको. बीपीच्या आंबट दुधात दुधाच्या प्रथिनातले दोन छोटे तुकडे असतात आणि त्यांचं काम रामिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्यांसारखंच मानलं जातं. म्हणून क्वचित कोरडा खोकला येऊ शकतो. आधीच बीपीची गोळी असताना त्यावर हे चढवण्यात मतलब नाही.

कृष्णाकाठ
धन्यवाद. क्रिएटिनिनचा रिपोर्ट जुना आहे, पुन्हा करायला सांगतो. मग चरबीवाला चहा आणि याकुल्ट? आत्याने याकुल्टची खास फर्माईश केली आहे.

चहाटळ
काळ्या उलाँगच्या ३५० मिलीत ७० मिग्रॅ पॉलिफेनॉल (चहातले तुरट घटक) असतात. त्यांनी जेवणातल्या चरबीचं शोषण थोडं घटतं. तळकट जेवणासोबत ठीक. पोट आत जाईल ही अपेक्षा नको. चरबीवाल्या हिरव्या चहाच्या चाचण्या साधारण १२ आठवडे रोज पिऊन केलेल्या असतात. चार बाटल्या नेऊन काय होणार? शिवाय घरात कुणाला लोहाच्या गोळ्या असतील तर चहा दोन तास लांब ठेवा.

झोपेच्या याकुल्टमध्ये १०० मिलीत १०० अब्ज शिरोता जिवाणू असतात. पण ते दुसऱ्या गटातलं, गोड आणि १० अंशांखालीच ठेवायचं. विमान, मग मुंबई ते सातारा गाडी, म्हणजे नेऊच नका. आत्याला भारतात मिळणारी ६५ मिलीची बाटली द्या. तिच्यात ६.५ अब्ज असतात आणि गोड तीही आहेच.

गोळीबार
न्यायचंच असेल तर द्रव नको, पूड न्या. ओत्सुकाची ‘केंजा नो शोकुताकु’ तोकुहो आहे, ६ ग्रॅमची पुडी, त्यात तंतू ५ ग्रॅम. जेवताना एक पुडी पाण्यात किंवा बिनसाखरेच्या चहात ढवळायची. चव जवळजवळ नसते. पहिला आठवडा फक्त रात्रीच्या जेवणाला, तीही अर्धी. जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर बघा: तीन दिवस पुडीशिवाय, तीन दिवस पुडीसह, भात-भाकरी तेवढीच ठेवून. फरक दिसला नाही तर पैसे वाचले.

चहाटळ
पुड्या मूळ खोक्यातच ठेवा. सुट्या पांढऱ्या पुड्या कस्टमवाल्यांना समजावत बसाल.

आणि कोलेस्टेरॉलसाठी लाल बुरशीच्या तांदळाच्या, म्हणजे ‘बेनी कोजी’च्या गोळ्या कुणी मागवल्या तर सरळ नाही म्हणा. मार्च २०२४ मध्ये ज्यांच्यामुळे लोकांची मूत्रपिंडं बिघडली, त्या कोबायाशी कंपनीच्या गोळ्या वर सांगितलेल्या दुसऱ्या गटातल्याच होत्या.

कृष्णाकाठ
पुडीचं एकच खोकं नेतो आणि आधी बाबांच्या डॉक्टरांना लेबलचा फोटो पाठवतो. ग्लुकोमीटरचे आकडे आले की इथेच टाकेन.