न भिजलेला साबुदाणा, चढते पाणी आणि ‘तू ठरव, मला काहीही चालेल’

पार्लेकरीण यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. प्रश्न किरकोळ वाटेल, पण आमच्या घरात तो सव्वीस वर्षे सुटलेला नाही, म्हणून येथे मांडते. मी माशांवर वाढलेली आणि नवरा शुद्ध शाकाहारी, त्यातून संकष्टी न चुकता करणारा. घरी याचा फारसा त्रास होत नाही, कारण वार ठरलेले आहेत आणि माशांची कढई वेगळी आहे. घराबाहेर पाऊल टाकले की मात्र ‘कुठे जेवायचे’ या एका प्रश्नावर आमचे घोडे अडते. मी विचारते, “काय खाऊ या?” तो म्हणतो, “तू ठरव, मला काहीही चालेल.” मग मी ठरवते, आणि तेथे जाऊन बसल्यावर, पाणी आल्यावर, मेन्यूकार्ड उघडल्यावर, त्याला ते चालत नाही असे निष्पन्न होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चार दिवस अलिबागकडे गेलो होतो. पावसाळ्यात गेटवेवरच्या मांडव्याच्या लाँचा बंद असतात, म्हणून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी चढवली आणि तासाभरात पलीकडे उतरलो. प्रवास इतका सुखाचा झाला की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

नागावला एका घरगुती ठिकाणी उतरलो. दुसऱ्या दिवशी संकष्टी होती आणि सकाळी कुलाबा किल्ला पाहायचा होता. ओहोटीच्या वेळी किल्ल्यात चालत जाता येते, म्हणून लवकर निघायचे ठरले होते. नवऱ्याने आदल्या रात्री यजमानीणबाईंना सांगितले की सकाळी साडेसातला मला साबुदाण्याची खिचडी द्या. त्या हसून “हो, हो” म्हणाल्या. सकाळी साडेसातला चहा आला, आठ वाजता पुन्हा चहा आला, आणि साडेआठला मी स्वयंपाकघरात डोकावले तेव्हा परातीत साबुदाणा पसरलेला होता आणि त्यावर पाण्याचे हबके मारणे चालले होते. त्यांनी तो सकाळी सहाला भिजत घातला होता. पावणेदहाला खिचडी आली. दाण्याचे कूट भरपूर होते, मिरची बेताची होती, जिऱ्याचा वास सुरेख सुटला होता, पण साबुदाणा दाताखाली बंदुकीच्या छऱ्यासारखा लागत होता. नवऱ्याने तो संपवला, कारण उपासाच्या दिवशी दुसरे काही मिळण्याची आशा नव्हती, आणि मी घावने खाऊन कधीच मोकळी झालेली असल्यामुळे त्याच्याकडे पाहत बसले होते. त्यालाही त्याने नंतर आक्षेप घेतला.

किल्ल्याच्या दिशेने चालायला लागलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. आत गणपतीचे देऊळ आहे, समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याची विहीर आहे, आणि संकष्टीच्या दिवशी गणपतीपुढे बसलेला माझा नवरा घड्याळाकडे बघणे शक्यच नव्हते. दारापाशी एका माणसाने आम्हांला हटकले, “ताई, पाणी चढतंय, आता निघा.” परत येताना पाणी गुडघ्याच्या वर होते. एका हातात चपला, दुसऱ्या हातात केळ्यांची पिशवी, आणि डोक्यावर टोपीत ठेवलेला मोबाईल अशा थाटात आम्ही किनारा गाठला. काठावरच्या शाळकरी मुलांनी टाळ्या वाजवल्या.

रात्रीची गोष्ट आणखी वेगळी. चंद्रोदय दहाच्या सुमारास होता आणि यजमानांचे स्वयंपाकघर साडेनऊला बंद होत असे. आकाशात ढग असल्यामुळे चंद्र दिसण्याचा प्रश्नच नव्हता, पण कालनिर्णयात दिलेल्या वेळेआधी घास तोंडात घालायला नवरा तयार होईना. शेवटी ताटावर ताट झाकून ठेवलेला गार वरणभात त्याने ओसरीवर बसून खाल्ला. मी दुपारी बाजारातल्या एका खानावळीत सुरमईची थाळी मागवली होती. पाटीवर भाव नव्हता, ‘आकारानुसार’ एवढेच लिहिले होते. आकार टाचणीच्या डबीएवढा होता, आणि बिल मात्र आख्ख्या सुरमईचे होते.

मुंबईत परतलो त्या रविवारी घरी स्वयंपाक करायचा कंटाळा आला म्हणून उपनगरातल्या एका वातानुकूलित हॉटेलात गेलो. पाऊण तास दारात उभे राहिल्यावर टेबल मिळाले, वेटरने साध्या पाण्याचे नाव न घेता बाटली उघडून ठेवली, आणि शेवटी बिलात दहा टक्के सेवाशुल्क लावलेले निघाले. सेवा म्हणजे नेमकी कोणती, असे विचारायची हिंमत मला झाली नाही आणि नवऱ्याला विचारायला लावले तर तो म्हणाला, “जाऊ दे, मला चालेल.”

तर विचारायचे असे की, अशा दोन तोंडांच्या जोडप्याने बाहेर जेवायचे कसे ठरवावे? आणि ते सेवाशुल्क द्यावेच लागते का?

आक्षीकर (सध्या मुक्काम गिरगाव) यांचे उत्तर

ताई, तुमची हकीकत वाचून हसलो, पण आमच्या गावच्या बाजूने दोन शब्द बोलणे भाग आहे. घरगुती ठिकाणी डोकी मोजून नारळ फुटतो. तेथे हॉटेलासारखा तयार माल पडून नसतो, त्यामुळे ‘उद्या उपास आहे’ हे निदान दुपारच्या जेवणाआधी सांगावे लागते, म्हणजे साबुदाणा रात्री भिजतो. रात्री नऊला सांगितले तर “हो, हो” हेच उत्तर मिळणार, कारण पाहुण्याला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. तरी त्या बाईंनी रात्री भिजवायला हरकत नव्हती, हे मी मान्य करतो.

सुरमईबद्दल बोलायचे तर तुम्ही चुकीच्या महिन्यात चुकीचा मासा मागवलात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा हंगाम असतो. त्या दिवसांत ताटात आलेली सुरमई बहुधा बर्फातून उठून आलेली असते आणि म्हणूनच तिचा भाव चढा असतो. जूनमध्ये अलिबाग-पेणच्या बाजूला आलात तर जिताडा मिळतो का, ते विचारा. खारपाट्यातल्या तळ्यांमध्ये तो वाढवतात, त्यामुळे त्याला समुद्रातल्या बंदीची पर्वा नसते. तो नसेल तर सोडे (सुकी कोळंबी) घातलेली खिचडी किंवा सुक्या बोंबलाचे कालवण मागा. जाणकार माणूस पावसाळ्यात ओल्या मासळीचा हट्ट धरत नाही.

आता पाण्याचे. पंचांग बघून चंद्रोदय शोधणाऱ्या माणसाला भरतीची वेळ कळू नये, याचे मला नवल वाटले. आमच्याकडे पोरेसोरे सुद्धा तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीच्या चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि तिच्या सहा तास आधी, सकाळी नऊला, पूर्ण ओहोटी. शुक्ल आणि कृष्ण अशा दोन्ही पक्षांना हेच गणित लागू पडते आणि भरतीची वेळ रोज पन्नास मिनिटांच्या आसपास पुढे सरकते. हिशेब ढोबळ आहे, पण तुम्ही साडेदहाला निघालात तेव्हा पाणी दीड तास चढत होते, एवढे सांगायला तो पुरेसा होता. संकष्टीला किल्ल्यात जायचे तर आठला वाळूवर पाय हवा. त्या माणसाने हटकले नसते तर दुपारच्या भरतीत तुम्ही गणपतीपाशीच अडकला असता आणि रात्रीच्या ओहोटीची वाट बघत बसला असता, तीही उपाशीपोटी.

बिलाची मागची बाजू यांचे उत्तर

मी फक्त सेवाशुल्कापुरते लिहितो. ते सक्तीचे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांनुसार हॉटेलला हे शुल्क बिलात आपोआप लावता येत नाही आणि दुसऱ्या नावाने वसूलही करता येत नाही. हॉटेल संघटना याविरुद्ध न्यायालयात गेल्या होत्या, पण दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना वैध ठरवल्या. शांतपणे “हे काढून बिल पुन्हा द्या” म्हणावे. बहुतेक वेळा व्यवस्थापक वाद न घालता काढून देतो. नाही दिले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

एक बारीक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. जेवण १,२०० रुपयांचे असेल तर दहा टक्क्यांनी १२० रुपये वाढतात आणि पाच टक्के जीएसटी मग १,३२० रुपयांवर लागतो. एकूण १,३८६ रुपये होतात. सेवाशुल्क काढले की तेच बिल १,२६० वर येते, म्हणजे ज्या सेवेवर तुम्ही नाराज होता तिच्यावर तुम्ही करही भरलात.

पाण्याच्या बाटलीबाबत मात्र तुमची निराशा करावी लागेल. हॉटेलात बसून प्यायलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त आकारता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ सालचा निर्णय आहे. म्हणून बाटलीचे झाकण उघडण्यापूर्वीच “साधे पाणी आणा” असे मोठ्याने सांगायची सवय लावून घ्यावी. मी टेबलाशी बसताना खुर्ची ओढायच्या आधी हे वाक्य उच्चारतो.

माटुंग्याच्या काकू यांचे उत्तर

आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली, आणि आमच्याकडे उलटा प्रकार आहे. आमचे हे मासे खातात आणि मी खात नाही. पहिली दहा वर्षे आम्ही दोघांना चालेल असे हॉटेल शोधण्यात घालवली. असे हॉटेल सापडते, पण तेथे त्यांचे मासे बेताचे असतात आणि माझी भाजी माशांच्या तेलात परतली आहे की काय या शंकेने मला घास उतरत नाही. शेवटी आम्ही एकत्र जेवायचेच सोडून दिले. भांडून नव्हे, ठरवून. मी माटुंग्याला रामा नायकांकडे केळीच्या पानावर जेवते. ती खानावळ १९४२ पासून चालू आहे आणि तेथे रसम वाढणाऱ्याला ‘काहीही चालेल’ म्हणायची सोयच नाही, कारण तो विचारतच नाही. हे त्या वेळात दादरला जाऊन बांगडा खाऊन येतात. मग तासाभराने कोठे तरी गोड खायला भेटतो, आणि दोघांचेही तोंड समाधानाने भरलेले असल्यामुळे कोणी कुरकुर करत नाही.

एकत्रच बसायचे असेल तर इराण्याकडे जा. धोबीतलावचे कयानी १९०४ सालचे आहे. बनमस्का आणि चहा यांत शाकाहारी-मांसाहारी असा तंटा निघत नाही, आणि तिथल्या लाकडी खुर्च्यांवर फार वेळ भांडत बसावेसे वाटत नाही.

‘काहीही चालेल’ यावर आमच्या घरात कायदा आहे. ज्याने ते म्हटले, त्याने नंतर नाक मुरडले तर पुढचे तीन रविवार दुसऱ्याने ठरवायचे. आमचे हे गेल्या पावसाळ्यात सलग नऊ रविवार हरले.

तोच तो नवरा यांचे उत्तर

आमच्या घरात एकच टॅब आहे आणि तो उघडाच राहिला होता, त्यामुळे मला हे सर्व वाचण्याचा योग आला. दोन दुरुस्त्या कराव्याशा वाटतात. हकीकतीत चपला माझ्या हातात होत्या, पण त्यातली एक जोडी सौभाग्यवतींची होती, हे सांगायचे राहिले. त्यांची डावी चप्पल वाटेत निसटून वाहत चालली होती आणि ती पकडण्यासाठी मी केळ्यांच्या पिशवीसकट दहा पावले उलट दिशेला गेलो. केळी भिजली ती त्यामुळे. दुसरे असे की, ज्या सुरमईच्या आकाराबद्दल एवढी तक्रार आहे, ती दुसऱ्या दिवशी त्याच खानावळीतून पुन्हा मागवली गेली होती.

‘तू ठरव’ हे मी सौजन्य म्हणून म्हणतो. पाऊणपटीचे गणित मला माहीत होते. साबुदाणा वेळेवर आला असता तर ते उपयोगीही पडले असते. सेवाशुल्काबाबत माझी चूक झाली, हे लेखी देतो.

पार्लेकरीण यांचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. टॅबला आता कुलूप घातले आहे.

काकूंचा उपाय गेल्या रविवारी करून पाहिला. नवरा माटुंग्याला पानावर जेवला, मी दादरला तिसऱ्यांची (शिंपल्यांची) एकशिपी खाल्ली, आणि आम्ही शिवाजी पार्कजवळ पियूष प्यायला भेटलो. तेथे एक ग्लास दोघांत घ्यायचा की दोन, यावर थोडी चर्चा झाली, पण ती पूर्वीच्या मानाने काहीच नव्हती. मी माझ्या बिलातले सेवाशुल्क काढायला लावले. व्यवस्थापकाने एक शब्दही न बोलता दुसरे बिल आणून ठेवले आणि मी तयार करून नेलेली सगळी वाक्ये वाया गेली.

डिसेंबरात पुन्हा नागावलाच जाणार आहोत, कारण त्या बाईंच्या हातची घावने मला विसरता आलेली नाहीत. काल फोन करून दोन डोकी, एक शाकाहारी, एक मासे, आणि दुसऱ्या दिवशी संकष्टी असे सगळे सविस्तर सांगितले. त्या म्हणाल्या, “वहिनी, काळजी करू नका, साबुदाणा मी रात्रीच भिजत घालीन.” मी फोन ठेवणार एवढ्यात मागून आवाज आला, “त्यांना विचार, त्यापेक्षा वरीचे तांदूळ मिळतील का?”