सागर रक्षक दलाला (किनाऱ्यावर नजर ठेवणाऱ्या मच्छीमार-गावकऱ्यांच्या स्वयंसेवी दलाला) सरकारने खर्च द्यावा की नाही?

तांडेल_रायगडचा
१९९३ला आमच्या रायगडात शेखाडीला मुंबई स्फोटांचं आरडीएक्स उतरलं. २६/११ला कसाबची टोळी कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरली, तेव्हा त्यांना पाहिलं ते कोळ्यांनीच. २०२२च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरला एके-४७ असलेली बेवारस बोट लागली, खबर गावकऱ्यांनी दिली. (घातपाताचा संबंध नव्हता, हे नंतर कळलं.) नजर ठेवायची आम्ही आणि टॉर्चचे सेलही आम्हीच आणायचे? किनारी सुरक्षेचा ‘सागर कवच’ सराव लागला की पोरं रात्रभर धक्क्यावर. त्या दिवसाची मासेमारी बुडते ती कोण भरून देणार?

घाटावरचा
मानधन सुरू झालं की यादी आली, यादी आली की सरपंचाचा भाचा आला. अंगणवाडी सेविकांचं मानधनाचं भिजत घोंगडं बघा. १२ सागरी मैलांपर्यंत गस्त घालणं राज्याच्या सागरी पोलिसांचं काम. २००५च्या किनारी सुरक्षा योजनेत केंद्राने ठाणी, बोटी, इंधन, दुरुस्ती सगळ्याला पैसे दिले. केंद्राचा हात सुटल्यावर त्या बोटींचं काय झालं ते विचारा. आधी त्यांच्यात डिझेल घाला.

तांडेल_रायगडचा
पगार मागितलाय कोणी? सरावाच्या दिवसांचा भत्ता, एक जाकीट, आणि रात्री पाण्यात काही बरंवाईट झालं तर विमा. एवढंच. आमचा डिझेलचा परतावा थकतो तेव्हा तुमची शिस्त कुठे असते?

फाईलवाला
मुद्दा वेगळाच आहे. सीमावर्ती भाग विकास कार्यक्रम १९८६-८७ पासूनचा. २०२३ला व्हायब्रंट व्हिलेजेस आला, ४,८०० कोटींचा, उत्तर सीमेसाठी. २०२५ला त्याचा दुसरा टप्पा, ६,८३९ कोटी. तिन्ही जमिनीच्या सीमेसाठी. समुद्राला लागून असलेलं गाव यांच्या हिशेबी सीमेवर येतच नाही.

घाटावरचा
कारण तिथली गावं ओस पडू नयेत म्हणून रस्ते, वीज, रोजगार द्यायचाय. कोकणातली गावं ओस पडतात ती मुंबईमुळे, त्याला गृहखातं काय करणार? आणि किनाऱ्याला काहीच नाही असंही नाही. २०२४ला पालघरमधून ट्रान्सपाँडरची योजना निघाली. एक लाख बोटी, ३६४ कोटी, मच्छीमाराच्या खिशाला तोशीस नाही.

तांडेल_रायगडचा
ट्रान्सपाँडर आपल्या बोटीचा ठावठिकाणा सांगतो. परकी बोट तो बसवून घ्यायला येणार आहे का? ती ओळखायला माणूसच लागतो. कुठल्या बंदराची, कुणाची, अवेळी का आली, हे तांडेलाला, म्हणजे बोट हाकणाऱ्याला, लांबून कळतं. ठाण्यात बदलून आलेल्या हवालदाराला कळायला दोन वर्षं जातात, तोवर त्याची पुन्हा बदली.

घाटावरचा
हे मान्य. विमा द्या, माझी हरकत नाही. भत्त्याला आहे. आणि नावं सागरी पोलीस ठाण्याने ठरवावीत, ग्रामपंचायतीने नाही.

तांडेल_रायगडचा
ठाण्याने ठरवावीत, पण मच्छीमार सोसायटीला विचारून. नाहीतर ज्याने आयुष्यात होडी लोटली नाही तो दलात आणि आम्ही बाहेर.