देव हृदय पाहतो, मग मंडळी काय पाहते?

भायखळ्याची टीचर

परवा आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर एका ज्येष्ठांनी लिहिलं, की संडे स्कूलमध्ये हल्ली ‘देव हृदय पाहतो’ एवढंच शिकवतात, म्हणून मुलं टी-शर्टात येतात, उशिरा येतात, बायबलचं वचन पाठ करत नाहीत. आधी शिस्त, मग हृदय. खाली आमेनची रांग. तिथे चार ओळींपुढे कोणी वाचत नाही, म्हणून इथे लिहिते.

बायबलमधल्या १ शमुवेल १६ चा धडा मी दरवर्षी घेते: देव शमुवेलाला इशायच्या मुलांतून नवा राजा निवडायला पाठवतो. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण चूक कोणाची झाली ते बघा. थोरल्या अलीयाबाची उंची बघून ‘हाच तो’ असं वाटलं ते खुद्द शमुवेलाला, संदेष्ट्याला. आणि इशाय तर बाप! सात मुलगे समोरून गेले तरी धाकट्या दावीदाला रानातून बोलावण्याची त्याला गरज वाटली नाही. ‘आणखी कोणी आहे का’ असं विचारावं लागलं. म्हणजे हा धडा वडीलधाऱ्यांच्या नजरेवर आहे, आणि आपण तो फक्त मुलांना शिकवतो.

गेल्या नाताळच्या नाटिकेत येशूची आई मरीया कोण होणार हे मी सांगायच्या आधीच पोरांनी ठरवलं. वर्गातली सगळ्यात गोरी मुलगी. जिला सगळ्यांचे संवाद पाठ होते ती सावळी पोर स्वतःच म्हणाली, ‘टीचर, मी मेंढपाळ होते.’ नऊ वर्षांची आहे ती. हे तिला माझ्या धड्याने शिकवलं नाही, आपल्या वर्षानुवर्षांच्या नाटिकांनी शिकवलं. मग मी कितीही वचनं पाठ करून घेतली तरी ती कशावर विश्वास ठेवेल? बोलण्यावर की बघितलेल्यावर?

आणि उशीर? अंबरनाथ-बदलापूरहून येणाऱ्या घरांना विचारा रविवारचा मेगाब्लॉक काय असतो.

जुना वडील

टीचर, ती पोस्ट माझीच. तुम्ही अर्धा अध्याय वाचता. ‘देव हृदय पाहतो’ या सातव्या वचनावर थांबता आणि बारावं सोडता. दावीद आला तेव्हा शास्त्र काय म्हणतं? तांबूस, सुंदर डोळ्यांचा, देखणा. देवाला बाहेरचं नको असतं तर हे लिहिलंच नसतं. हृदय चांगलं असेल तर ते वागण्यात दिसलंच पाहिजे. याकोब आपल्या पत्रात स्पष्ट सांगतो, क्रियेवाचून विश्वास निर्जीव. वेळेवर येणं ही क्रियाच आहे. मेगाब्लॉक आम्हालाही होता, आम्ही आधीची गाडी पकडायचो.

परळची नात

बारावं वचन आहेच. पण आधीचा राजा शौल सगळ्यांपेक्षा खांद्यापासून वर उंच होता, दावीदाचा मुलगा अबशालोम, त्याच्यात तर तळपायापासून डोक्यापर्यंत खोट नव्हती. दोघांचं पुढे काय झालं? शेवट वाईटच. देखणेपण असलं तरी चालतं, पण निवड त्यावर होत नाही, एवढंच आहे ते. आणि याकोबाचा तोच दुसरा अध्याय सुरुवातीपासून वाचा, काका. सोन्याची अंगठीवाला आला की ‘इथे बसा’, मळक्या कपड्यांचा आला की ‘तिकडे उभा राहा’. हे सभेला सुनावलंय.

मी स्वतः लहानपणी नाताळच्या नाटिकेत दरवर्षी मेंढरू झालेय. माझी गोरी चुलत बहीण देवदूत. मला गाता येत होतं, तिला नाही. माझी आई पडद्यामागे मला पावडर लावत होती, अजून विसरले नाही. कोणत्या मंडळीत ते सांगत नाही, सगळीकडे तेच होतं.

जुना वडील

रंगाचं चुकीचं आहे, त्याला मी कधी पाठिंबा दिला? विषय कपड्यांचा होता. आता माझं ऐका. माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या गावातून गिरणीत आले. गावात त्यांना पायात वहाण घालून वाड्यासमोरून जाता येत नव्हतं. नवं धोतर नेसलं तरी लोक विचारायचे, माजलास का? ते मुंबईत दर रविवारी परीटघडीचा पांढरा सदरा घालून देवळात पहिल्या बाकावर बसायचे. चाळीत नळाला पाणी असो नसो, शनिवारी रात्री आजी तो सदरा धुवायचीच. तो सदरा म्हणजे बाहेरचा देखावा नव्हता! त्या माणसाने पहिल्यांदा मान वर केली होती. आज त्याचाच पणतू चुरगळलेल्या टी-शर्टात येतो आणि तुम्ही त्याला सांगता, देवाला काही फरक पडत नाही. आजोबांना पडत होता.

भायखळ्याची टीचर

काका, हे तुम्ही ग्रुपवर लिहायला हवं होतं, ‘मुलं बिघडली’ हे नव्हे. सदऱ्याची गोष्ट माझ्या वर्गात येऊन सांगा, पोरं ऐकतील. पण आजोबांना पहिल्या बाकावर बसू दिलं ते सदऱ्यामुळे नव्हे. सदरा नसता तरी बसू दिलं असतं, म्हणून तर ते त्या देवळात आले ना? आज ज्याच्याकडे इस्त्रीचा शर्ट नाही त्याला मागे बसावंसं वाटत असेल, तर आपण आजोबांच्या गावासारखेच झालो.

विरार फास्ट

सगळे हृदय आणि सदऱ्यावर भांडताय. खरी अडचण वेगळीच आहे. मुलांना मराठी वाचताच येत नाही! वचन पाठ होत नाही कारण पोरं ते इंग्रजी अक्षरांत लिहून घेतात. पडद्यावर ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनंसुद्धा इंग्रजी अक्षरांत येतात. अर्थ कळत नाही तर हृदयात काय उतरणार?

इंग्रजी मीडियमचा बाप

हे आलंच. माझा मुलगा इंग्रजीत वचन म्हणतो, अर्थासकट म्हणतो. देव इंग्रजी हृदय पाहत नाही का? मराठी शाळेत घालून त्याच्या नोकरीचं काय करू? तुमची मुलं कुठे शिकतात ते आधी सांगा.

विरार फास्ट

माझी मराठी शाळेत होती, ती शाळा पटाअभावी बंद झाली. तुमच्यासारख्यांनी मुलं काढून घेतली म्हणून.

१८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत आले, ते परके लोक मराठी शिकले, मराठीत शाळा काढल्या. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्यात घातली. गावातल्या बाईला स्वतः वाचता यावं म्हणून. तिच्याच पणतीला ते आता वाचून दाखवावं लागतं. लाज वाटते मला.

इंग्रजी मीडियमचा बाप

लाज तुमची तुम्हाला ठेवा. माझा मुलगा दर रविवारी येतो. मराठी शिकलेले किती येतात, मोजा.

परळची नात

दोघेही थांबा. त्या मुलाचा यात काय दोष? टीचरना सुद्धा विचारा, ज्याला वाचता येत नाही त्याला वर्गात उभं करून वचन वाचायला लावतात की नाही? मग तो पुढच्या रविवारी येतच नाही. हेही बाहेरचंच बघणं झालं. स्पष्ट वाचणारा हुशार, अडखळणारा ढ.

भायखळ्याची टीचर

माझ्या वर्गात कोणाला उभं करत नाही. बाकी वर्गांचं खरं आहे.

पण विरारवाल्या दादांचं पटतं. संडे स्कूल मुळात वाचायला शिकवण्यासाठीच निघाली. १७८० मध्ये ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सने आठवडाभर कामाला जाणारी पोरं रविवारी जमवली, कारण तोच त्यांचा सुट्टीचा दिवस. अक्षरं शिकवली, शास्त्र वाचायला लावलं. कपडे फाटके म्हणून पोरं यायला लाजत, तर तो म्हणायचा असं सांगतात, की हात-तोंड धुवा, केस विंचरा, बस. काका, तुमची शिस्त आणि माझा धडा दोन्ही त्यात आले.

उपासनेआधी अर्धा तास बाराखडीचा वर्ग घ्यायला मी तयार आहे. इंग्रजी शाळेतल्या मुलांनाही आणा. खोली लागेल आणि ती मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींकडून मिळते.

जुना वडील

हात-तोंड धुण्याला माझा विरोध कधीच नव्हता. खोलीची चावी माझ्याकडे असते, देतो. टी-शर्टाबद्दल माझं मत तेच.

इंग्रजी मीडियमचा बाप

अर्धा तास आधी म्हणजे आम्हाला कळव्याहून साडेसातला निघावं लागेल. ब्लॉक असेल त्या रविवारी जमणार नाही, आधीच सांगतो.

परळची नात

टीचर, बाकी सगळं ठीक, पण यंदा मरीया कोण होणार ते अजून सांगितलं नाहीत.

भायखळ्याची टीचर

जिला संवाद पाठ आहेत ती. तिच्या आईला काल फोन केला. आई विचारत होती, ‘नक्की ना? लोक काही बोलणार नाहीत?’